बोर्डावर २ दिवस, केंद्रावर २५ : एका कंपनीचं ॲजाइल मोजताना

जानेवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने मला बोलावलं. काम त्यांनी अगदी नेमकं सांगितलं होतं. ॲजाइल म्हणजे सॉफ्टवेअर लहान लहान टप्प्यांत, बदलाला दाद देत बनवण्याची पद्धत. ती किती पाळली जाते याच्या दर महिन्याच्या मूल्यमापनात त्यांना ५ पैकी ४.३ गुण पडत होते आणि मार्चअखेर ते ४.५ वर न्यायचे होते. ते कसं करायचं एवढंच मी सांगावं, अशी अपेक्षा होती. कंपनीचं नाव इथे देत नाही. ओळख पटू नये म्हणून आतले आकडेही थोडे गोल केले आहेत.

कंपनीत माणसं ३८ आणि टीम तीन. पहिली टीम शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या खरेदी केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते : टोकन, ओलाव्याची नोंद, काटा, बारदाना, पावती. दुसरी टीम मोंढ्यातल्या आडत दुकानांची हिशेबपट्टी, हमाली आणि तोलाई सांभाळते. तिसरीकडे जिनिंग-प्रेसिंगची कामं. ग्राहक लातूर, धाराशिव, परभणी, हिंगोलीपर्यंत पसरलेले. शेतमालाच्या धंद्यातलं सॉफ्टवेअर म्हणजे वर्षातले तीन-चार महिने जिवाची धावपळ आणि बाकीचे महिने तयारी. ही गोष्ट आधी लक्षात घेतली नाही तर पुढचं काहीच नीट मोजता येत नाही.

त्यांचं मूल्यमापन ४० प्रश्नांचं होतं. रोजचा स्टँडअप, म्हणजे उभ्याउभ्याची छोटी बैठक, १५ मिनिटांत संपतो का? प्रत्येक स्प्रिंटनंतर, म्हणजे ठरावीक आठवड्यांच्या कामाच्या टप्प्यानंतर, रेट्रो, म्हणजे काय चुकलं हे मागे वळून बघण्याची बैठक, होतो का? सगळ्या कार्डांना, म्हणजे बोर्डावर लावलेल्या एकेका कामाच्या चिठ्ठीला, स्टोरी पॉइंट, म्हणजे कामाच्या आकाराच्या अंदाजाचे गुण, दिलेले असतात का? स्प्रिंटच्या सुरुवातीला कबूल केलेल्या कामापैकी किती टक्के पूर्ण झालं? व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे पॉइंट, स्थिर आहे का? महिनाअखेरीला टीम लीड स्वतः हे भरायचे आणि त्याच गुणांवर टीमच्या बोनसचा एक भाग ठरायचा. प्रश्न वाईट नव्हते. ज्याने स्क्रम, म्हणजे ॲजाइलची स्प्रिंटवर चालणारी ही रीत, नुकतंच सुरू केलंय त्याला सवय लागायला अशी यादी उपयोगी पडते. पण ४० पैकी एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायला ग्राहकाची गरज लागत नव्हती, आणि हे मला पहिल्याच दिवशी खटकलं.

पहिले चार दिवस मी फक्त लोकांशी बोललो. तिसऱ्या दिवशी सपोर्टला बसणाऱ्या ताईंनी नोव्हेंबरमधली एक घटना सांगितली. हे सगळं प्रकरण त्या घटनेभोवतीच फिरतं, म्हणून ती तारीखवार मांडतो.

२०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारात भाव त्याच्या खाली चालला होता. हमीभावाने खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. काढणीच्या वेळी पावसाने माल भिजलेला, त्यामुळे केंद्रावर आलेली बरीच पोती मर्यादेबाहेर जात होती. नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्र सरकारने त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्के केली. ज्याचं सोयाबीन १३-१४ भरत होतं त्याच्यासाठी ही फार मोठी बातमी होती, कारण नाहीतर माल परत नेऊन वाळवत घालायचा किंवा मोंढ्यात मिळेल त्या भावाला द्यायचा.

सोमवार, १८ नोव्हेंबर. दुपारी औसा तालुक्यातल्या एका केंद्रावरून ताईंना फोन आला. "ताई, मशीन चौदा दाखवू लालंय अन् तुमचं सॉफ्टवेअर घेईना. बाराच्या वर टाकलं की लाल होतंय. नवा आदेश आलाय की. ट्रॅक्टर रांगेत उभे हायेत." सॉफ्टवेअरमध्ये १२ हा आकडा कोडमध्येच लिहिलेला होता, तोही तीन ठिकाणी. तो बदलायचा, एवढंच काम.

त्याच दिवशी सकाळी ११ वाजता नव्या दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचं नियोजन झालेलं होतं. ताईंनी ग्रुपवर निरोप टाकला, फोनही केला. उत्तर आलं की रीतसर कार्ड तयार होऊ दे. २० तारखेला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. कार्ड २१ ला तयार झालं आणि बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढे करायच्या कामांच्या यादीत, गेलं, कारण "स्प्रिंट बंद झाला होता." पुढचा स्प्रिंट २ डिसेंबरला सुरू झाला. डेव्हलपरने त्याच दुपारी बदल केला. टेस्टिंग ४ तारखेला झालं आणि कार्ड "पूर्ण" या रकान्यात गेलं. मात्र नवी आवृत्ती स्प्रिंट रिव्ह्यू, म्हणजे स्प्रिंटमध्ये झालेलं काम दाखवण्याची बैठक, झाल्यावरच बाहेर सोडायची अशी पद्धत होती. रिव्ह्यू शुक्रवारी, १३ डिसेंबरला झाला आणि त्या संध्याकाळी केंद्रांवर बदल पोहोचला.

फोनपासून मोजले तर २५ दिवस. त्यातले ३ कार्ड तयार होण्यात गेले, ११ स्प्रिंटची वाट बघण्यात, २ प्रत्यक्ष काम आणि टेस्टिंगमध्ये, ९ रिलीजची वाट बघण्यात. मधल्या काळात बहुतेक केंद्रांनी वहीत नोंदी ठेवून माल घेतला. दोन केंद्रांवर मात्र पावती निघाल्याशिवाय पोतं आत घ्यायचं नाही असा त्यांचा स्वतःचा नियम होता. तिथून १३-१४ ओलाव्याचा माल परत गेला. किती शेतकरी परत गेले याची नोंद कोणाकडेच नाही, आणि ती नोंद नसणं हीच मला या प्रकरणातली सर्वांत जड गोष्ट वाटते.

आता बोर्डाकडे बघा. कार्ड स्प्रिंटमध्ये घेतलं २ डिसेंबरला, पूर्ण झालं ४ डिसेंबरला. बोर्डाच्या हिशेबाने २ दिवस. कबूल केलेलं काम वेळेत पूर्ण, स्टँडअप रोज, रेट्रो झाला, पॉइंट दिलेले. डिसेंबरमध्ये त्या टीमला ४.४ गुण मिळाले, आदल्या महिन्यापेक्षा जास्त. आकडे कोणी खोटे भरले नव्हते. टीम लीडने प्रत्येक उत्तर प्रामाणिकपणे लिहिलं होतं. घड्याळच चुकीच्या जागी सुरू होत होतं आणि चुकीच्या जागी बंद होत होतं.

मग मी ताईंचं रजिस्टर मागितलं. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं, हिशेबाच्या वहीसारखं. कोणाचा फोन आला, कधी आला, काय म्हणाले, आणि शेवटच्या रकान्यात "चालू झालं" असं ग्राहकाने स्वतः कळवल्याची तारीख. हे त्यांना कोणीही करायला सांगितलं नव्हतं. "सर, पुन्हा फोन आला की सांगता यावं लागतं ना, मागच्या वेळी काय बोललो ते," एवढंच त्यांचं म्हणणं. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत खरेदी केंद्रांच्या टीमने पूर्ण केलेल्या ८४ मागण्या आम्ही तिघांनी दोन दिवस बसून बोर्डावरच्या कार्डांशी जुळवल्या. जिथे तारीख अडली तिथे व्हॉट्सॲप ग्रुप उपसला. बोर्डाप्रमाणे मधला आकडा, म्हणजे निम्म्या मागण्या ज्याच्या आत बसतात तो, ६ दिवस आला. रजिस्टरप्रमाणे ४१. त्या ४१ पैकी कोणाचा तरी हात कामाला प्रत्यक्ष लागलेला असे दिवस ३ पेक्षाही कमी.

सरासरी मी मुद्दाम घेतली नाही. दोन-चार मागण्या सहा-सहा महिने पडून असतात, त्या सरासरीला ओढून नेतात आणि मग सगळी चर्चा त्या दोन-चारांवरच होते. मधल्या आकड्याच्या जोडीला आणखी एक काढला : १०० पैकी ८५ मागण्या किती दिवसांत पोहोचतात? ग्राहकाला शब्द द्यायचा असेल तर हा दुसरा आकडा कामाचा असतो.

बैठकीत हे मांडलं तेव्हा साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या संचालकांनी, रास्त शंका काढली. फोनवर लोक वाट्टेल ते मागतात, सगळंच थोडं करायचं असतं? मग ते दिवस टीमच्या माथी का? मुद्दा बरोबर होता. म्हणून नाकारलेल्या मागण्या वेगळ्या काढल्या, आणि त्यातून एक नवीनच गोष्ट हाती लागली. "नाही" सांगायलाही यांना तितकाच वेळ लागत होता. परभणीच्या एका जिनिंगवाल्याने गाठींच्या नोंदीचा एक वेगळा अहवाल मागितला होता. तो देणार नाही हे टीमचं पहिल्या आठवड्यातच ठरलेलं होतं, पण त्यांना ते कळलं चार महिन्यांनी. तोवर ते आशेवर थांबले आणि दुसरी सोय केली नाही. वेळेत दिलेला नकार हीसुद्धा ग्राहकाच्या हातात पडलेली वस्तू आहे असं मी मानतो, म्हणून मागणी ते नकार हा काळही मोजायचं ठरवलं.

स्प्रिंट बंद झाला म्हणजे त्यात काही घेता येत नाही, हा समज मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जण जमले आणि त्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यातल्या चार मूल्यांपैकी एक सरळ असं सांगतं की ठरवलेल्या आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं जास्त मोलाचं. जाहीरनाम्यासोबतच्या १२ तत्त्वांत प्रगतीचं मुख्य माप कोणतं हेही लिहून ठेवलं आहे : चालणारं सॉफ्टवेअर. स्क्रमची २०२० ची अधिकृत मार्गदर्शिका म्हणते की स्प्रिंटच्या ध्येयाला धक्का लागेल असे बदल करू नयेत, पण जसजसं कळत जाईल तसतसा कामाचा आवाका प्रॉडक्ट ओनरशी, म्हणजे कोणतं काम आधी करायचं हे ठरवणाऱ्याशी, बोलून पुन्हा ठरवता येतो. स्प्रिंट रिव्ह्यूला रिलीजचं फाटक समजू नये, हेही तिच्यात स्पष्ट आहे. आणि ज्या व्हेलॉसिटी आणि स्टोरी पॉइंटवर इथे बोनस ठरत होता ते शब्द त्या मार्गदर्शिकेत मुळात नाहीतच. हे सगळं मी टीमसमोर वाचून दाखवलं. ११ आणि ९ दिवसांची वाट ही पद्धतीची अट नव्हती, ती यांनी स्वतःच्या हाताने घातली होती. हे ऐकून डेव्हलपर मुलं बराच वेळ गप्प होती.

पॉइंटचं काय झालं होतं तेही बघण्यासारखं आहे. वर्षभरापूर्वी पावतीवर एक नवा रकाना वाढवण्याच्या कामाला २ पॉइंट दिले जात. डिसेंबरात तशाच कामाला ५. व्हेलॉसिटीचा आलेख वर चढत होता आणि तिमाहीत पूर्ण होणाऱ्या मागण्या मात्र जवळपास तेवढ्याच होत्या. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलन धोरणाच्या संदर्भात हे मांडलं होतं : एखाद्या मापाचा वापर नियंत्रणासाठी सुरू केला की त्या मापात आधी दिसणारा नियमितपणा ढासळतो. इथे कोणी ठरवून फुगवटा आणला नव्हता. अंदाज कमी पडला तर बोनस जातो हे माहीत असलेला माणूस २ आणि ३ मध्ये ३ निवडतो, पुढच्या वेळी ५ निवडतो. लातूरकडची एक टेस्टर मुलगी मला म्हणाली, "सर, कमी पॉइंट सांगितले की सगळे माझ्याकडं बघतात." मी तिचं हे वाक्य बैठकीत तसंच ठेवलं, नाव न सांगता.

उपायाचा सर्वांत मोठा भाग एका साध्या भागाकारातून आला. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की व्यवस्थेत सरासरी जितकी कामं अडकलेली असतात त्यांना पूर्ण होण्याच्या सरासरी वेगाने भागलं की एका कामाला लागणारा सरासरी काळ मिळतो. खरेदी केंद्रांच्या टीमकडे स्वीकारलेल्या पण न पोहोचलेल्या मागण्या होत्या ३९. १३ आठवड्यांत ८४ म्हणजे आठवड्याला साधारण साडेसहा पूर्ण होत होत्या. ३९ भागिले ६.५, म्हणजे ६ आठवडे. रजिस्टरचा मधला आकडाही ४१ दिवस, म्हणजे जवळपास तेवढाच होता. फळ्यावर हा हिशेब मांडल्यावर साहेब उठून जवळ आले आणि त्यांनी तो स्वतः पुन्हा करून पाहिला. त्यांची शेती आहे. पाटाला एकाच वेळी सगळे दांड फोडले की एकाही वाफ्याला धड पाणी पोहोचत नाही, असं ते म्हणाले, आणि मला त्यानंतर फार समजावून सांगावं लागलं नाही.

मग ३९ ची यादी घेऊन आम्ही एकेक मागणी वाचली. काहींचा हंगामच संपला होता. काही ग्राहक स्वतःच विसरले होते. काहींना त्याच आठवड्यात "नाही" कळवलं. उरलेल्यांत एका माणसाच्या हाती एका वेळी दोनच कामं, हा नियम केला. तातडीच्या कामासाठी बोर्डावर एक वेगळी ओळ आखली. तिच्यात एका वेळी एकच कार्ड असेल आणि ते आलं की स्प्रिंट चालू असला तरी घ्यायचं. टेस्टिंग झालेली गोष्ट त्याच आठवड्यात बाहेर सोडायची. ओलाव्याची मर्यादा, खरेदीची शेवटची तारीख, बारदान्याचं वजन हे सगळं कोडमधून काढून सेटिंगमध्ये आणलं, म्हणजे सपोर्टच्या ताईसुद्धा ते बदलू शकतील.

बोनसवर खरी ओढाताण झाली. मी आग्रह धरला की मागणी ते वापर हा नवा आकडासुद्धा बोनसला जोडायचा नाही. जोडला तर उद्या रजिस्टरमध्ये फोनच उशिरा लिहिला जाईल, किंवा "चालू झालं" हे ग्राहकाच्या आधी आपणच ठरवू. मॅनेजरना हे पटत नव्हतं. मग लोक मन लावून काम कशासाठी करतील, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यात वाईट हेतू नव्हता. शेवटी बोनस पूर्ण कंपनीच्या वर्षाच्या निकालावर ठेवायचं ठरलं. ४० प्रश्नांची यादी टीमने स्वतःपुरती ठेवावी आणि ती वर पाठवू नये, हेही ठरलं. रजिस्टर संगणकावर घेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तो निदान एक वर्ष पुढे ढकला असं मी सांगितलं. ज्या नोंदीवर कोणाचा दबाव नव्हता म्हणून ती खरी राहिली, तिची जागा घाईने बदलू नये असं मला वाटलं.

रेट्रोबद्दल थोडंच सांगतो. सहा महिन्यांच्या १२ रेट्रोंच्या नोंदी पाहिल्या. टेस्टिंगसाठी काटा जोडलेलं मशीन एकच आहे, ही तक्रार ७ वेळा लिहिलेली होती. आमच्या नव्या मापांत म्हणून एक साधी मोजणी घातली : मागच्या रेट्रोत ठरलेल्या गोष्टींपैकी पुढच्या रेट्रोपर्यंत प्रत्यक्ष झाल्या किती. दुसरं मशीन फेब्रुवारीत आलं.

या सगळ्याची पहिली परीक्षा अपेक्षेपेक्षा लवकर झाली. सोयाबीन खरेदीची मुदत ३१ जानेवारीला संपत होती, ती ६ फेब्रुवारीपर्यंत वाढवली गेली. मुदतीची तारीख तेव्हा नुकतीच सेटिंगमध्ये आणलेली होती. ताईंनी ती स्वतः बदलली, एका केंद्रावर पावती काढून पाहिली आणि सगळ्यांना कळवलं. रजिस्टरमध्ये फोनची आणि "चालू झालं"ची तारीख एकच आहे. एका घटनेवरून कंपनी बदलली असं मी म्हणणार नाही, कारण आधीच मोकळी करून ठेवलेली ती एक वाट होती. ज्या बदलाची कल्पनाच केलेली नाही तो आला तर काय होतं, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी आम्ही आणखी दोन गोष्टींवर नजर ठेवली. सोडलेल्या आवृत्त्यांपैकी किती वेळा काहीतरी बिघडून पुन्हा हात घालावा लागला, आणि बिघडल्यावर केंद्र पुन्हा सुरू व्हायला किती तास गेले. दर आठवड्याला सोडायला लागल्यावर बिघाड वाढतील ही टेस्टिंगवाल्यांची भीती होती. मार्चमध्ये दोनदा तसं झालंही. दोन्ही वेळा बदल लहान असल्याने कारण लगेच सापडलं.

२०२५ च्या जूनअखेर मी पुन्हा गेलो. एप्रिल ते जून या तिमाहीत खरेदी केंद्रांच्या टीमचा मधला आकडा १७ दिवसांवर आला होता. हातातली कामं १६. आठवड्याला पूर्ण होणाऱ्या मागण्या मात्र तेवढ्याच, साडेसहाच्या आसपास. कोणी जास्त वेगाने काम केलं नव्हतं, कोणी रात्री थांबलं नव्हतं. १०० पैकी ८५ चा आकडा तेव्हाही ३९ दिवस होता, म्हणजे ग्राहकाला "महिन्याभरात देतो" असा शब्द तेव्हाही देता येत नव्हता. शिवाय हे महिने हंगामाबाहेरचे होते. ऑक्टोबर-डिसेंबरशी त्यांची तुलना करून समाधान मानू नका, असं मी साहेबांना लिहून दिलं. खरी तुलना २०२५ च्या ऑक्टोबर-डिसेंबरशीच.

आडतीच्या टीमने तोवर निम्मी वाट चालली होती. जिनिंगच्या टीममध्ये काहीच हललेलं नव्हतं. त्यांच्या टीम लीडने अजून ४० प्रश्नांची यादीच धरून ठेवली होती आणि त्यांच्या ग्राहकांचे फोन ताईंकडे न येता थेट डेव्हलपरच्या मोबाईलवर येत, त्यामुळे मोजायला रजिस्टरच नव्हतं. मे महिन्यात मी तिथल्या एका डेव्हलपरला स्वतःच्या फोनमधले जुने निरोप उघडायला लावून १९ मागण्यांच्या तारखा काढल्या. मधला आकडा आला ४४ दिवस. कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी तिथलेही फोन एका ठिकाणी यावेत म्हणून ताईंच्या शेजारी आणखी एक टेबल टाकलं होतं, आणि त्यावर एक कोरं रजिस्टर ठेवलं होतं.